एसएसबीत (सैन्यदलांच्या अधिकारी निवडीच्या मुलाखतीत) शिफारस झाली, पण वैद्यकीय तपासणीत 'कायमस्वरूपी अपात्र'. अपील करावं का?

वाळवंटीकाठची (साखळी)

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितेय, कारण अर्धवट माहितीवर सल्ला मागण्यात अर्थ नाही.

माझी लेक यंदा बारावी विज्ञान झाली. एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) लेखी परीक्षा तिने पणजी केंद्रावरून दिली, पास झाली, आणि पुढे पाच दिवसांच्या एसएसबीतही तिची शिफारस झाली. घरात दिवाळी. मग तिकडच्याच लष्करी इस्पितळात वैद्यकीय तपासणी सुरू झाली. रक्त, लघवी, एक्स-रे, सोनोग्राफी, डोळे, कान, दात, काही म्हणून सोडलं नाही. शेवटी मंडळाच्या अध्यक्षांनी बोलावून सांगितलं, कायमस्वरूपी अपात्र. कारण 'क्युबिटस व्हॅल्गस', दोन्ही कोपरं. हात सरळ सोडून तळवा पुढे केला की कोपराखालचा भाग शरीरापासून थोडा बाहेर झुकतो, तो कोन हिचा जास्त आहे म्हणे. उजवा २१ अंश, डावा २०.

पोरगी पाचवीपासून खो-खो खेळते. एनसीसीत होती. दोर चढते, दंड काढते. कोपर कधी मोडलं नाही, दुखलंही नाही. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी हात बघितला आणि म्हणाले, मला तर यात काही वावगं दिसत नाही. ओळखीच्या फिजिओथेरपिस्टने मोजलं, तो १६ म्हणाला. २१ कुठे आणि १६ कुठे!

तिचे बाबा म्हणतात, झालं ते झालं, फर्मागुडीला इंजिनिअरिंगचा प्रवेश घेऊन टाकूया. चवथीला घरी आलेले पाहुणे 'मुलीच्या जातीला कशाला ते' म्हणून मोकळे झाले. ती मात्र खोलीत बसून रोज आरशासमोर हात सरळ करून बघते, आणि ते मला बघवत नाही. अपील करता येतं असं तिला तिथे सांगितलंय. पण अपिलात खरंच कोणी पुन्हा नीट बघतं, की पहिल्याच कागदावर शिक्का मारतात? कोणाला अनुभव असेल तर कृपया लिहा.

दूधसागर_७

ताई, अनुभव नाही, पण मुलीचं मनापासून अभिनंदन. एसएसबीतून शिफारस मिळणं ही लहान गोष्ट नव्हे. धागा वर ठेवतो.

जुना_खलाशी (वास्को)

ताई, मी नौदलात वैद्यकीय साहाय्यक होतो. नौदलाची अकादमी केरळात एळिमलाला गेली २००९ साली. त्याआधी ती आपल्या वेऱ्याला, मांडवीच्या काठावर होती, तेव्हापासून ही मुलं जवळून बघत आलोय. तुमच्या प्रश्नाचं उत्तर : हो, खरंच पुन्हा बघतात.

पद्धत अशी आहे. पहिली तपासणी करतं ते विशेष वैद्यकीय मंडळ. त्याने अपात्र ठरवलं की अपील वैद्यकीय मंडळाकडे जाता येतं. हे मंडळ वेगळ्या, मोठ्या इस्पितळात बसतं. पुण्याचं कमांड हॉस्पिटल, मुंबईत कुलाब्याचं अश्विनी, दिल्लीचं बेस हॉस्पिटल, अशी ठिकाणं आहेत. तुम्हाला कुठे जायचं ते पहिल्या मंडळाने दिलेल्या पत्रावर असेल. तिथे त्या-त्या विषयाचा तज्ज्ञ तपासतो, आणि मुख्यतः ज्या कारणावरून बाद केलं तेवढंच तपासतो.

मुदत सांभाळा. पहिल्या मंडळापासून ४२ दिवसांच्या आत अपिलाची तपासणी पूर्ण व्हावी लागते, मुदतवाढ मिळत नाही. घरात चर्चा चालू असते तेव्हाही दिवस मोजले जातातच. फी नाममात्र आहे, ४० रुपये, स्टेट बँकेत सरकारी चलनाने भरायची. चलनाची मूळ प्रत जपून ठेवा. रक्कम किरकोळ असली तरी ती पावती नसेल तर दारातून परत पाठवतील.

तिथेही अपात्र ठरली तर तिसरी पायरी पुनरावलोकन मंडळाची. पण तो हक्क नाही. सशस्त्र दलांच्या वैद्यकीय सेवेचे महासंचालक प्रकरण बघून मंजुरी देतात, आणि त्यासाठीचा अर्ज अपिलाचा निकाल लागल्यावर एका दिवसात द्यावा लागतो. ते मंडळ दिल्ली किंवा पुण्यातच बसतं. म्हणून सगळा जोर अपिलावर लावा.

आणि आता सर्वांत महत्त्वाचं. तिथे विनवण्या करायला जायचं नाही, की पहिल्या डॉक्टरची तक्रार करायलाही नाही. अपील म्हणजे 'पुन्हा मोजा' एवढीच मागणी. त्यामुळे जे मोजता येतं त्याची पक्की तयारी करून जा. आधी अस्थितज्ज्ञाकडून रीतसर मोजून घ्या. बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) दाखवलंत तरी चालेल.

शेजारी_मये

गोमेकॉत मोजून होईलच, पण आमच्या ओळखीत एक जण आहेत, ते म्हणे पुण्याला 'सेटिंग' करून देतात. किंवा मग आपल्या आमदारांकडून एखादा फोन? आजकाल त्याशिवाय काय होतं?

जुना_खलाशी (वास्को)

शेजारी, तुमचा हेतू चांगला असेल, पण हे ताईंनी अजिबात करू नये. असे 'सेटिंग'वाले मी पुष्कळ पाहिले. जो उमेदवार मुळात पात्र असतो तो स्वतःच्या जोरावर पास होतो आणि हे पैसे घेऊन श्रेय लाटतात. जो नसतो, त्याचे पैसे बुडतात. वर हे उघड झालं तर मुलीची उमेदवारीच धोक्यात येईल. आमदारांच्या फोनने कोपराचा कोन बदलत नाही. असा कोणी माणूस भेटला तर पोलिसांना कळवा.

हाडांचा_डॉक्टर (म्हापसा)

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. मुलीला न तपासता निदान करणार नाही, पण २१ आणि १६ मधला फरक कसा पडू शकतो ते सांगतो. धागा वाचणाऱ्या इतरांनाही उपयोग होईल.

हा कोन गोनिओमीटर नावाच्या साध्या उपकरणाने मोजतात. दोन पट्ट्या आणि मध्ये अंश दाखवणारी चकती. मोजताना कोपर पूर्ण सरळ हवं, तळवा पूर्ण पुढे वळलेला हवा, खांदा बाजूला किंवा आत फिरलेला नको. चकतीचं केंद्र कोपराच्या मध्यावर, एक पट्टी दंडाच्या हाडाच्या रेषेत, दुसरी पट्टी मनगटाच्या मध्यबिंदूकडे. यातली प्रत्येक गोष्ट महत्त्वाची आहे. हाडाच्या रेषेऐवजी हाताच्या बाहेरच्या कडेला पट्टी धरली, तर स्नायूंच्या उंचवट्यामुळे आकडा बदलतो. कोपर जरा वाकलेलं असेल किंवा तळवा आत वळला तर कोन कमी भरतो. दोन अनुभवी माणसांनी एकच हात मोजला तरी काही अंशांचा फरक पडतो, हे आमच्या शास्त्रात सर्वमान्य आहे. रांगेत शंभर उमेदवार उभे असताना घाईत घेतलेलं माप चुकणं अशक्य नाही. कोणाच्या हेतूवर शंका घ्यायचं कारण नाही.

दुसरं, मुलींमध्ये हा कोन निसर्गतःच मुलांपेक्षा थोडा जास्त असतो. यूपीएससीच्या अधिसूचनेला जोडलेल्या वैद्यकीय निकषांतही ही बाब धरलेली आहे : हालचालीत अडथळा नसेल आणि वेडंवाकडं जुळलेलं जुनं फ्रॅक्चर वगैरे कारण नसेल, तर मुलांना १५ आणि मुलींना १८ अंशांपर्यंत चालतं. ते परिशिष्ट स्वतः वाचा. त्यातच कोपर उलट्या बाजूला १० अंशांपेक्षा जास्त वाकत असेल तर अपात्र, असंही आहे. मुलीची सांध्यांची लवचिकता जास्त असेल तर तेही बघून घ्या, म्हणजे तिथे गेल्यावर नवीन काही निघायला नको.

तिसरं फार कळकळीने सांगतो. यूट्यूबवर 'कोपराचा कोन कमी करा' असे व्यायाम दाखवतात, जड डंबेल लटकवायला सांगतात. वाढ पूर्ण झालेल्या हाडाचा कोन व्यायामाने बदलत नाही. सांधा मात्र दुखावेल, आणि सुजलेलं कोपर घेऊन अपिलाला जावं लागेल. शस्त्रक्रियेचा तर विचारही नको.

वाळवंटीकाठची (साखळी)

डॉक्टर, देव बरें करूं! डंबेलचं तुम्हाला कसं कळलं? कालच तिच्या मावसभावाने तिला तसा व्हिडिओ पाठवला होता. आज रात्रीच आम्ही परिशिष्ट वाचायला बसतो. तिचे बाबाही आता गप्प बसलेत, म्हणजे तयार झालेत असं मी धरते.

पेडण्याचा_पोरगा

काकी, माझा अनुभव लिहितो. माझं कारण वेगळं होतं, रक्तदाब आणि नाडी. वर्षानुवर्षे जे स्वप्न बघितलं त्याची शेवटची पायरी, समोर पांढरा कोट, आणि दंडाला तो पट्टा. छातीत धडधड मलाच ऐकू येत होती. १४० च्या वर गेला, पुन्हा घेतला, पुन्हा वर. बाद.

घरी आल्यावर आमच्या डॉक्टरांनी चोवीस तास दंडाला लावून ठेवायचं यंत्र लावलं. ते ठरावीक वेळाने आपोआप रक्तदाब घेतं, रात्री झोपेतही. त्याचा अहवाल अगदी ठीक आला, म्हणून मी निर्धास्त मनाने अपिलाला गेलो. तिथे त्यांनी वॉर्डात दाखल करून घेतलं आणि वेगवेगळ्या वेळी मोजत राहिले. घाई कोणालाच नव्हती. सतत १४०/९० च्या वर राहतो का, हे त्यांना बघायचं असतं. माझा राहिला नाही. फिट!

बाहेरचा अहवाल त्यांनी हातातही घेतला नाही, हे लक्षात ठेवा. तो त्यांच्यासाठी नसतो, आपल्यासाठी असतो. आपण खरंच पात्र आहोत हे आपल्याला कळलं की तिथे आवाज कापत नाही.

माझ्या बरोबरच्या एकाला कानामुळे थांबवलं होतं. तुमच्याकडे पाठ करून उभं करतात आणि ६१० सेंटिमीटरवरून कुजबुजतात, एकेका कानासाठी वेगळं. त्याच्या कानात मळ घट्ट बसला होता. कान साफ करून गेला आणि पास झाला. अशा बरी होणाऱ्या गोष्टींसाठी सहसा 'तात्पुरते अपात्र' लिहितात, तिथेही तीच ४२ दिवसांची मुदत.

रंगांध (फोंडा)

वरचे प्रतिसाद वाचून ज्यांना वाटेल की अपील केलं की होतंच, त्यांच्यासाठी दुसरी बाजू लिहितो.

मला नौदलात जायचं होतं. लहानपणापासून दाबोळीला नौदलाच्या हंसा तळावरची विमानं बघत वाढलो, दुसरं काही डोक्यातच नव्हतं. तपासणीत रंगदृष्टी सदोष निघाली. ठिपक्यांतून आकडा ओळखायची ती इशिहाराची पुस्तिका असते, तिच्यात मी अडखळलो. मग अंधाऱ्या खोलीत मार्टिन कंदील. दूर एक बारीक लाल किंवा हिरवा दिवा दिसतो, रंग सांगायचा. नौदलाला त्यातली सर्वांत वरची श्रेणी लागते. समुद्रात रात्री समोरच्या जहाजाची कुठली बाजू आपल्याकडे आहे हे त्या लाल-हिरव्या दिव्यांवरूनच कळतं, त्यामुळे ही अट मला कधीच अन्यायाची वाटली नाही. अपील केलं, कारण तो पर्याय होता. दुसऱ्या मंडळाने अत्यंत सौजन्याने, पुरेसा वेळ देऊन तपासलं, आणि निकाल तोच आला. हा दोष जन्मजात असतो, त्यावर उपचार नाही.

म्हणून लहान भावंडांना माझं सांगणं : एनडीएचा फॉर्म भरायच्या आधी कुठल्याही नेत्रतज्ज्ञाकडे इशिहारा करून घ्या. फार वेळ लागत नाही. मला कोणी हे दहावीत सांगितलं असतं तर पुढची वर्षं वेगळी गेली असती. आता मी बांधकाम अभियंता आहे आणि कामात रमलोय, तरी ही तपासणी आधी व्हायला हवी होती असं वाटतंच.

वकिली_पर्वरी

कायद्याच्या बाजूने थोडक्यात. तिन्ही पायऱ्या संपल्यावर उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका करता येते. उमेदवार अजून सेवेत नसतो, त्यामुळे सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जायचा प्रश्न येत नाही. गोव्यातल्या माणसाला वाटतं की आपलं खंडपीठ पर्वरीला आहे तर तिथेच जाऊ, पण निर्णय घेणारी कार्यालयं दिल्लीत असल्याने बरीच प्रकरणं दिल्ली उच्च न्यायालयात चालतात. कुठे दाखल करायची हे वकिलाशी बोलून ठरवा.

न्यायालय स्वतः डॉक्टर होत नाही. लष्करी वैद्यकीय मंडळाच्या मतात ते सहसा हात घालत नाही, आणि खाजगी डॉक्टरचा 'फिट' दाखला दाखवून निकाल फिरत नाही. योग्य विषयाच्या तज्ज्ञाने तपासलंच नाही, लागू नसलेला निकष लावला, दोन मंडळांच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत, असं काही ठोस असेल तर फार तर नव्या मंडळाकडून पुन्हा तपासणीचा आदेश मिळतो. तोपर्यंत गुणवत्ता यादी लागून तुकडी प्रशिक्षणाला गेलेली असू शकते, आणि एनडीएला साडेसोळा ते साडेएकोणीस अशी वयाची चौकट आहे. म्हणून खलाशीकाकांशी मी पूर्ण सहमत. जे काही करायचं ते अपिलातच.

वाळवंटीकाठची (साखळी)

थोडी प्रगती कळवते. गोमेकॉत अस्थिरोग विभागात दाखवलं. म्हापशाच्या डॉक्टरांनी लिहिलं तसंच अगदी, तळवा पुढे, कोपर सरळ, हाडाच्या रेषेत पट्टी. दोघा डॉक्टरांनी वेगवेगळं मोजलं. एक्स-रेसुद्धा काढला. दोघांचेही आकडे १८ च्या आत. कोपर उलटं वाकणंही मर्यादेत. जुनी कसलीही इजा नाही.

ते ऐकून ती बाहेर बाकड्यावर बसून रडली. इतके दिवस एक टिपूस काढलं नव्हतं. मला म्हणाली, "आई, मला वाटायला लागलं होतं की माझ्यातच काहीतरी वाकडं आहे." शिफारस झालेल्या, धडधाकट पोरीला एका आकड्याने असं वाटावं, हे मला फार लागलं. आता अपिलाला पुणं. वास्कोहून गोवा एक्सप्रेसने जाणार.

हाडांचा_डॉक्टर (म्हापसा)

उत्तम! तिला एवढंच सांगा की मोजताना हात सैल सोडू नकोस आणि ताठरवूही नकोस. सांगतील तसा पूर्ण सरळ कर. कोन कमी दिसावा म्हणून कोपर किंचित वाकवण्याची युक्ती काही मुलं करतात. तज्ज्ञाला ती लगेच कळते, आणि मग त्याचा विश्वास उडतो. तिला तशी गरजही नाही.

वाळवंटीकाठची (साखळी)

मंडळी, लेक इथे बसलीय. पुढचं तीच लिहितेय.

सगळ्या काका-काकींना नमस्कार. अपील वैद्यकीय मंडळात मी फिट झाले. 🙏

कोणाला उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहिते. वानवडीला, पुण्याच्या कमांड हॉस्पिटलात, सकाळी लवकर हजर झालो. कागदपत्रांच्या खिडकीवर चलन, ओळखपत्र, फोटो आणि आधीच्या मंडळाचं पत्र बघितलं. आईला बाहेर थांबायला सांगितलं. नंतर अस्थिरोग विभागात पाठवलं. तिथे एक महिला अधिकारी डॉक्टर होत्या. त्यांनी आधी हात न मोजता मला काय-काय करायला लावलं! हात पूर्ण वाकव, सरळ कर, मनगट फिरव, जमिनीवर तळवे टेकून दंड काढ. लहानपणी पडलीस का, कुठे मार लागला का, विचारलं. मग भिंतीला पाठ लावून उभं केलं, खांदे सारखे केले, आणि पेनने त्वचेवर तीन ठिपके काढले. एक दंडावर, एक कोपराच्या मध्यावर, एक मनगटाच्या मध्यावर. ते ठिपके बघून मला फार बरं वाटलं, कारण मागच्या वेळी कोणी असे काढले नव्हते. त्या ठिपक्यांवर पट्ट्या धरून त्यांनी मोजलं, आणि दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून त्यांच्याकडूनही मोजून घेतलं. उजवा १६, डावा १५.

मी मागच्या तपासणीबद्दल काही बोलले नाही. त्यांनीही विचारलं नाही. शेवटी त्या फक्त म्हणाल्या, "रनिंग चालू ठेव."

मी एनडीएतल्या मुलींच्या पहिल्या तुकडीचं दीक्षान्त संचलन टीव्हीवर बघितलं होतं, ३० मे २०२५ ला, खडकवासल्याचं. १७ जणी होत्या. तेव्हाच ठरवलं होतं.

गुणवत्ता यादी अजून लागायची आहे, त्यामुळे पेढे वाटलेले नाहीत. काकांनी आणि डॉक्टरांनी वेळ काढून लिहिलंत, त्याशिवाय बाबा तयार झाले नसते. आभारी आहे.

जुना_खलाशी (वास्को)

शाब्बास पोरी! यादी लागेपर्यंत पळणं सोडू नकोस, आणि खो-खोत कोपरावर पडू नकोस.

पेडण्याचा_पोरगा

अभिनंदन! आता मॅडम म्हणायची सवय करतो.

आजरेकाठ

ताई, आत्ताच हा धागा सापडला. आमच्या भाच्याला सीडीएसनंतर (पदवीधरांसाठीची सैन्यदल अधिकारी परीक्षा) नाकाचा पडदा वाकडा म्हणून तात्पुरतं अपात्र केलंय. दोन आठवडे असेच गेले. घरचे म्हणतात शस्त्रक्रिया लगेच करून टाकूया. करावी का?

वाळवंटीकाठची (साखळी)

मी डॉक्टर नाही, म्हणून शस्त्रक्रियेबद्दल हो-नाही म्हणणार नाही. पण दोन आठवडे गेले म्हणजे ४२ मधले १४ गेले. उद्याच्या उद्या त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या, मंडळाने दिलेला कागद सोबत ठेवा, आणि दोनच प्रश्न विचारा. श्वासाला खरंच अडथळा आहे का, आणि शस्त्रक्रिया केलीच तर अपिलाच्या तारखेपर्यंत जखम पूर्ण भरेल का. चलन आजच भरून ठेवा, आणि तज्ज्ञ काय म्हणाले ते इथे लिहा.